ऋतूबाहेरचा केक

ट्विंकी हातात आली की पाहणाऱ्याची नजर आधी तिच्या पाठीवर जाते. सोनेरी, लांबट, दोन्ही टोकांना गोलावलेली, तळहातावर सहज मावणारी ती पाठ म्हणजे अमेरिकेतल्या वाणसामानाच्या दुकानातली सर्वांत ओळखीची आकृती. जाहिरातींनी, चित्रपटांनी, वेष्टनावरच्या चित्रांनी तिची हीच बाजू दाखवली आहे. आपण मात्र ती उलटी करून सुरुवात करू. तळाची बाजू सपाट आहे आणि पाठीपेक्षा एका छटेने गडद, तपकिरीकडे झुकलेली. तिच्या मध्यरेषेवर, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, तीन छिद्रे आहेत. ती इतकी बारीक असतात की घाईने खाणाऱ्याला जन्मभर दिसणार नाहीत. नीट पाहिले तर एखाद्या छिद्राच्या ओठाशी पांढऱ्या क्रीमचा ठिपका राहून गेलेला आढळतो, आणि मग लक्षात येते की या केकचे सारे रहस्य त्याने आपल्या तळाशी लपवले आहे.

ही सपाट बाजू खरे तर तळ नव्हेच. भट्टीत असताना तीच वर होती. अर्धगोल खाचांच्या साच्यात पातळसर मिश्रण पडते, सुमारे दहा मिनिटे भाजले जाते, आणि या काळात साच्याला टेकलेली बाजू हळुवार शेकून सोनेरी होते, तर उघडी बाजू आच सोसून गडद होते. मग त्या उघड्या बाजूने तीन नळ्या आत शिरतात, क्रीम भरतात, बाहेर येतात, आणि केक पालथा होतो. ज्या अंगाने तो अग्नीला सामोरा गेला आणि ज्या अंगावर त्याने छिद्रे सोसली, ते अंग खाली गेले. साच्याच्या कुशीत राहिलेले, एकही व्रण नसलेले अंग वर आले. एवढी एक कलाटणी, पण तिच्यात कारागिरीचे केवढे भान आहे! केकच्या पोटात क्रीम आहे हे खाणाऱ्याला दात रुतेपर्यंत कळू नये, आणि रुतताच पुरते कळावे, ही योजना तिच्यामागे आहे.

आपली करंजी आठवून पाहा. तिच्यात सारण आधी बसते, मग कड मुरडली जाते, आणि पारी व सारण एकाच आचेतून बाहेर पडतात. म्हणून करंजीचे खोबरे तळणीचा खमंग वास घेऊन येते. ट्विंकीत हा क्रम नेमका उलटा आहे. स्पंज भाजून सिद्ध झाल्यावर, ज्याने आच कधी पाहिलीच नाही असे क्रीम आत जाते, आणि म्हणून ते जिभेवर इतके शीतल, इतके अलिप्त लागते. एकाच घासात भाजलेले आणि न भाजलेले असे दोन स्वभाव भेटतात. सुरुवातीच्या काळात हे भरण्याचे काम पायाने दाबायच्या पंपावर चाले. दाब जरा जास्त पडला की केक फुटे. त्या बायाबापड्यांच्या पायांना किती क्रीम म्हणजे पुरेसे याचा अंदाज अंगवळणी पडला असेल, आणि आज यंत्राने ठरवलेल्या मापातही तोच जुना अंदाज वाहत आला आहे असे मला मनापासून वाटते.

आता हा साचा आला कुठून, ते पाहू. कारण ट्विंकीचा आकार ट्विंकीसाठी घडलेलाच नव्हता. जेम्स ड्यूअर हा मूळचा कॅनडातला, प्रिन्स एडवर्ड बेटावरचा माणूस. 1920 साली तो शिकागोत कॉन्टिनेन्टल बेकिंग कंपनीत लागला तेव्हा त्याचे काम होते घोडागाडीतून पाउंड केक पोचवण्याचे. दहा वर्षांत तो शिकागोलगतच्या बेकरीचा व्यवस्थापक झाला. त्या बेकरीत बोटासारखे लांबट शॉर्टकेक होत, त्यांत स्ट्रॉबेरी भरली जाई, आणि स्ट्रॉबेरीचा हंगाम सरला की ते सारे साचे पुढच्या हंगामापर्यंत निमूट पडून राहत. 1929च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला होता, मंदीचा फास आवळत चालला होता, आणि स्वस्तात विकता येईल असे काहीतरी कंपनीला हवे होते. ड्यूअरची नजर त्या रिकाम्या साच्यांवर गेली. स्ट्रॉबेरी नसेना, केळी तर वर्षभर मिळतात. त्याने त्याच साच्यांत साधा स्पंज केक भाजला, त्यात केळ्याचे क्रीम भरले, आणि 1930 साली पाच सेंटला दोन या भावाने तो बाजारात आणला. नावाची गोष्ट छोटीशी आहे: कामानिमित्त सेंट लुईसला जाताना ‘ट्विंकल टो’ नावाच्या बुटांची पाटी त्याला दिसली, त्यातले पहिले अर्धे त्याने उचलले आणि त्याला एक लाडिक शेपटी जोडली.

मला या जन्मकथेतली सर्वांत मोहक गोष्ट वाटते ती साच्यांची. नवे यंत्र आणायला पैसा नव्हता, नवा साचा पाडायची ऐपत नव्हती. होती ती एका फळाची गैरहजेरी. त्या गैरहजेरीने रिकाम्या ठेवलेल्या जागेत दुसरे फळ येऊन बसले. ट्विंकीच्या पुढच्या नव्वद वर्षांत जे जे घडले ते बहुधा असेच, कशाच्या तरी उणिवेतून घडले, आणि प्रत्येक उणिवेची खूण तिच्या अंगावर राहिली. ती खूण ओळखत ओळखत खाणे हा ट्विंकीचा खरा आस्वाद आहे.

दुसरी उणीव युद्धाने आणली. दुसऱ्या महायुद्धात मध्य अमेरिकेतून केळी आणणारी जहाजे लष्करी कामाला जुंपली गेली, केळी दुर्मिळ झाली, आणि ड्यूअरच्या क्रीममधून केळे गळाले. त्या जागी व्हॅनिला आला. युद्ध संपले, जहाजे परतली, केळी पुन्हा दुकानांत लटकू लागली. पण तोवर लोकांच्या जिभेने व्हॅनिला आपलासा केला होता, आणि तडजोड म्हणून आलेला स्वादच मूळ स्वाद ठरला. आता ही गोष्ट मनात ठेवून तो लांबट पिवळा केक पुन्हा पाहा. आकार आहे स्ट्रॉबेरीच्या हंगामाचा. रंग बघताच मनात येते ते केळे. आणि दाताखाली येतो तो या दोन्ही फळांशी नाते नसलेला, ऑर्किडच्या शेंगेचा वंश सांगणारा सुगंध. एवढ्याशा पदार्थात निघून गेलेले, राहिलेले आणि आलेले असे तीन स्वाद एकावर एक बसले आहेत. 2005 साली ‘किंग काँग’ चित्रपटाच्या निमित्ताने कंपनीने केळ्याचे क्रीम थोड्या काळासाठी परत आणले, लोकांनी ते इतके उचलून धरले की 2007 पासून ते नेहमीच्या यादीत आले. केळ्याची ट्विंकी मला व्हॅनिलाच्या ट्विंकीहून सरस वाटते: तिच्यात रंग आणि स्वाद यांचे जुने भांडण मिटलेले असते.

आता स्पंजकडे वळू. दोन बोटांत धरून हलकेच दाबला तर तो दबतो आणि सोडताच सावकाश उभा राहतो. तोडला तर त्याचा चुरा होत नाही, तो किंचित ताणला जाऊन मग सुटतो. पृष्ठभाग चिकटसर असतो; जोडीने बांधलेल्या ट्विंक्यांखाली जो पांढरा पुठ्ठा असे, त्यावर तपकिरी कातडीचा एक पातळ पापुद्रा चिकटून राही, आणि तो खरवडून खाणारी मुले ही या केकची सर्वांत निष्ठावान रसिक मंडळी. हा लवचिकपणा मूळच्या केकला नव्हता. 1930 सालच्या ट्विंकीत अंडी, दूध आणि लोणी होते, आणि ती जेमतेम दोन-तीन दिवस टिके. विक्रेत्यांना पुन्हापुन्हा दुकानांत जाऊन जुना माल उचलावा लागे, नवा ठेवावा लागे. अशा रीतीने देशभर केक पोचवणे परवडणारे नव्हते. म्हणून हळूहळू दूध आणि लोणी मागे सरले आणि त्यांच्या जागी रसायनशास्त्राने शोधलेले सोबती आले.

वेष्टनाच्या मागची घटकांची यादी बरेच लोक भीतीने वाचतात. आपण ती सावकाश वाचू. 2007 साली स्टीव्ह एट्लिंजर या लेखकाने ट्विंकीचे तीन डझनांच्या आसपासचे घटक एकेक करून त्यांच्या उगमापर्यंत धुंडाळले आणि त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. मका, सोयाबीन, गहू यांच्या शेतांबरोबरच फॉस्फेटच्या खाणींपर्यंत त्याला जावे लागले. यादीतल्या फुगवणाऱ्या द्रव्यांचाच विचार करा. खाण्याच्या सोड्याला फुलायला आम्ल लागते, आणि ट्विंकीत ते दोन वेगवेगळ्या स्वभावांच्या फॉस्फेटांकडून येत असे. मोनोकॅल्शियम फॉस्फेट उतावळे: ओलावा लागताच सोड्याशी भिडते आणि मिश्रण कालवतानाच त्यात सूक्ष्म बुडबुडे पेरते. सोडियम ॲसिड पायरोफॉस्फेट संयमी: ते भट्टीची ऊब लागेपर्यंत बरेचसे थांबते, आणि मग आधी पेरलेल्या त्याच बुडबुड्यांना मोठे करते. एकाने जागा आखायची, दुसऱ्याने ती भरायची. तो बारीक, एकसारखा, कुठेही मोठे भोक न पडलेला पोत या दोघांच्या नेमक्या वेळेवर उभा आहे.

केक शिळा होतो म्हणजे वाळतो अशी आपली समजूत असते, पण शिळेपणाची खरी मुळे पिठातल्या स्टार्चमध्ये असतात. भट्टीत स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, सैल होतात. केक निवला की त्यांचे रेणू हळूहळू पुन्हा शिस्तीत ओळी धरू लागतात, आणि हवाबंद वेष्टनात एक थेंबही पाणी न गमावता केक ताठर होतो. यादीतली मोनो- आणि डायग्लिसराइडे इथे कामाला येतात. त्यांची लांब स्निग्ध शेपटी स्टार्चच्या मळसूत्रासारख्या वळणात शिरून बसते आणि त्याला ओळ धरू देत नाही. दुसरा धोका क्रीमचा. ओलसर क्रीम आणि त्याहून कोरडा स्पंज शेजारी ठेवले की पाणी एकीकडून दुसरीकडे झिरपणारच, आणि दोघेही बिघडणार. म्हणून क्रीममध्ये दुधाची साय जवळजवळ नसतेच, असते साखर, स्निग्धांश, थोडे पाणी आणि ते पाणी धरून ठेवणारे सेल्युलोज गमसारखे द्रव्य. शिवाय मक्याचा पाक पाण्याला असा कवटाळतो की बुरशीच्या वाट्याला फारसे उरू नये. आणि एवढे करूनही बुरशी आलीच तर तिच्यासाठी खरा पहारेकरी एकच असे: सॉर्बिक आम्ल. हे आम्ल 1859 साली ऑगस्ट हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रोवन नावाच्या झाडाच्या लालबुंद बोरांच्या तेलातून वेगळे केले होते. आज ते कारखान्यात बनते, तरी त्याचे मूळ ठाऊक झाल्यावर ती यादी मला तितकी परकी वाटत नाही. स्ट्रॉबेरी गेली, केळे गेले, आणि तरी एका फळाची आठवण नावापुरती का होईना आत राहिली.

याच यादीत एक ओळ अशी आहे की जी अमेरिकेतल्या मराठी घरांत फार लवकर वाचली जाते. ट्विंकीच्या स्निग्धांशात वर्षानुवर्षे गोवंशाची चरबी राहिली आहे, कधी ‘बीफ फॅट’ तर कधी ‘टॅलो’ या नावाने. शाळेच्या डब्यात मित्राने दिलेली ट्विंकी घरी आली, आईने वेष्टन उलटे करून बारीक अक्षरे वाचली आणि ती हळूच बाजूला ठेवली, असे प्रसंग त्या घरांतल्या मुलांना सांगता येतील. अशा घरांतली मुले ट्विंकीला केवळ पाहूनच ओळखतात, आणि पाहण्यातही रस असतो हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. आस्वादाच्या नावाखाली ही ओळ झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. पदार्थ पूर्ण वाचायचा तर त्याचे न चालणारे अंगही वाचले पाहिजे. चरबीचे काम तिथे स्पष्ट आहे: सामान्य तापमानाला ती घट्ट राहते, तोंडाच्या उबेला वितळते, आणि क्रीमला तो रेंगाळणारा मऊपणा देते.

एवढ्या टिकाऊपणाच्या खटपटीतून एक दंतकथा जन्मली: ट्विंकी कधीच खराब होत नाही. प्रत्यक्षात तिची मुदत बरीच वर्षे 26 दिवसांच्या आसपास होती आणि नंतर ती सुमारे 45 दिवसांवर नेली गेली. पण दंतकथेला दिवस मोजायचे नसतात. मेन राज्यातल्या ब्लू हिल गावच्या शाळेत रसायनाच्या एका शिक्षकाने 1976 साली उघडी करून फळ्याच्या वर ठेवलेली ट्विंकी दशकानुदशके तिथेच राहिली, आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या तिच्याकडे पाहत मोठ्या झाल्या. 1995 साली टेक्सासमधल्या राइस विद्यापीठातल्या दोघा विद्यार्थ्यांनी तिच्यावर उष्णतेचे, विजेचे, गुरुत्वाकर्षणाचे प्रयोग करून त्यांची टिपणे ठेवली. 1984च्या ‘घोस्टबस्टर्स’ चित्रपटात न्यू यॉर्कवर साचलेल्या भुताटकीच्या शक्तीचे माप सांगायला शास्त्रज्ञ हातात ट्विंकीच घेतो आणि पस्तीस फूट लांबीच्या, सहाशे पौंडी ट्विंकीची कल्पना करायला सांगतो. प्रेक्षकाला क्षणात अंदाज येतो, कारण मूळ माप प्रत्येकाच्या हाताला ठाऊक आहे. एक दुखरा प्रसंगही तिच्या नावाला चिकटला. 1978 साली सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि नगरप्रतिनिधी हार्वी मिल्क यांची हत्या करणाऱ्या डॅन व्हाइटचा खटला ‘ट्विंकी बचाव’ या नावाने ओळखला जातो. प्रत्यक्षात बचावपक्षाने मांडले होते ते त्याचे नैराश्य, आणि चटकमटक खाण्याकडे वळणे हे त्या नैराश्याचे एक लक्षण. ट्विंकीचा उल्लेख खटल्यात जवळजवळ नव्हताच. नाव मात्र राहिले, आणि ते अन्यायाचे आहे.

मग 2012 साली ट्विंकीच उणी झाली. तिची मालक कंपनी होस्टेस आधीच एकदा दिवाळखोरीतून गेली होती. त्या वर्षी ती पुन्हा त्याच वाटेला लागली, पगारकपात आणि निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर बेकरी कामगारांच्या संघटनेने संप केला, आणि नोव्हेंबरात कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. सुमारे 18,500 लोकांचे काम गेले. केकच्या आठवणी काढताना ही संख्या विसरू नये. दुकानांतले खोके पाहता पाहता संपले. 2013 साली अपोलो आणि मेट्रोपुलस या गुंतवणूकदारांनी 41 कोटी डॉलरला हे केक विकत घेतले, आणि 15 जुलैला ट्विंकी फळीवर परतली. परतली ती थोडी हलकी होऊन: पूर्वीच्या सुमारे 42 ग्रॅमऐवजी साडेअडतीस ग्रॅमची. हातात धरून हा फरक कळत नाही, पण सवयीच्या रसिकाला तो घासांच्या हिशेबात जाणवतो. 2023 साली स्मकर कंपनीने सगळी होस्टेस 5.6 अब्ज डॉलरला घेतली. मंदीत पाच सेंटला दोन विकल्या गेलेल्या वस्तूचा हा प्रवास थक्क करणारा आहे.

त्या 2012च्या नोव्हेंबरात, आता हे मिळणार नाही म्हणून, पेनसिल्व्हेनियातल्या एका जीवशास्त्रज्ञाने एक खोका विकत घेऊन तळघरात ठेवून दिला. 2020 साली त्याने तो उघडला. काही ट्विंक्या वरवर तशाच होत्या. एकीवर नाण्याएवढा काळपट डाग होता. आणि एक पुरती करडी, आक्रसून सुरकुतलेली, वेष्टन तिच्या अंगाला असे चिकटलेले की जणू आतली हवा कुणी शोषून घेतली असावी. त्याने एक चाखूनही पाहिली आणि तोंडातून लगेच काढली. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या बुरशीच्या अभ्यासकांनी या ट्विंक्या मागवून घेतल्या. डागातून त्यांना क्लॅडोस्पोरियम मिळाली, घराच्या हवेत सर्रास आढळणारी बुरशी. म्हणजे दंतकथा खोटी, आणि सॉर्बिक आम्लाच्या पहाऱ्यालाही मर्यादा आहे. सुरकुतलेल्या ट्विंकीचा बाहेरचा थर इतका कडक झाला होता की नमुना काढायला त्यांनी हाडातला मगज काढण्याचे वैद्यकीय उपकरण वापरले, आणि ते भेदत भेदत थेट क्रीमपर्यंत पोचले. पण तो नमुना प्रयोगशाळेत वाढवून पाहिला तेव्हा त्यातून काहीही उगवले नाही. बुरशीने बंद वेष्टनातली हवा वापरून टाकली असावी, नवी हवा आत यायला वाट नव्हती, आणि केक वाळवता वाळवता तीही तिथेच मरून गेली असावी, असा त्यांचा तर्क आहे.